परत आलेली ओटी

हे लिहावं की नको, यात माझी बरीच वर्षं गेली. असे अनुभव मी आईच्या उशाशी पडलेल्या मासिकांतून लहानपणापासून वाचत आले आहे, आणि वाचताना दर वेळी वाटायचं, या लोकांना सगळं इतकं स्वच्छ कसं दिसतं? मला दिसत नाही. तुझा विश्वास आहे का, असं कोणी विचारलं तर मी अजूनही विषय बदलते. तरी लिहिते आहे, कारण त्या दुपारी माझी आई माझ्या डोळ्यांदेखत गेली असती आणि त्याचं कारण मी असते. मी काही केलं म्हणून नाही. मी बोलले नाही म्हणून.

बोलण्याचं आणि माझं पहिल्यापासूनच जमत नाही. चार वर्षांची होईपर्यंत मी एक शब्दही बोलले नव्हते. कानाचे डॉक्टर झाले, गळ्याचे झाले, कोणालाच काही सापडेना. आमचं घर पंचवटीत, गंगेपासून चार गल्ल्या आत. नाशकात गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येते’ म्हटलं की कोणी काशीचा विचार करत नाही. ज्येष्ठातल्या गंगा दशहऱ्यात, त्या पहिल्या दहा दिवसांत, घाटावर बायकांची गर्दी असते, नदीची ओटी भरायला. त्या वर्षी आईने दशमीच्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहून सांगितलं, की पोरगी बोलली तर दरवर्षी याच दिवशी तुझी ओटी भरीन, चुकणार नाही. दिवाळीत मी बोलले. पहिला शब्द होता ‘नको’. बाबा हे अजून सगळ्यांना हसून सांगतात.

त्यानंतर वीस वर्षं आईने एकही दशमी चुकवली नाही. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सगळं ओंजळीत घेऊन ती वाहत्या पाण्यात उतरायची आणि मला शेजारी उभी करायची. शाळेत असताना मला याची फार लाज वाटायची. आमच्या शाळेतल्या मुली कॉलेज रोडच्या, गंगापूर रोडच्या. त्यांपैकी कोणी मला तिथे ओल्या घाटावर बघेल म्हणून मी फुलवाल्यांच्या गाड्यांमागे उभी राहत असे. मोठी झाले तसं लाज वाटणं कमी झालं, पण आपल्यासाठी कोणीतरी दरवर्षी काहीतरी फेडतं आहे याचा एक जडपणा मनावर राहिला. तुझ्यासाठीच करते, असं आई म्हणाली की मला उगीच राग यायचा.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमारासची. दादा स्कॉटलंडमध्ये नोकरीला होता. बाबा अंबडच्या एका कारखान्यात फोरमन होते. अँजिओप्लास्टी झाल्यावर ते लवकर निवृत्त झाले आणि घरात बसून सगळ्यांच्या कामातल्या चुका काढायला लागले. दादाने आम्हा तिघांना बोलावून घेतलं. त्याने जूनमध्ये सुट्टी काढून एक कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली होती. तिच्यातून देशाच्या अगदी वरच्या टोकाला, उत्तर किनाऱ्याने फिरायचं असं ठरलं. आईने पंचांग उघडलं. दशमी नेमकी त्याच आठवड्यात येत होती. तिने फोनवर एवढंच विचारलं, “तिथे पाणी असेल ना रे?”

“आई, तिथे पाण्याशिवाय दुसरं काही नाहीच,” दादा म्हणाला.

ती व्हॅन म्हणजे चाकांवरची खोली होती. दोन शेगड्या, बशीएवढं सिंक, रात्री पलंग होणारा बाक आणि कपाटाएवढा संडास. आईला तो संडास पाहूनच धक्का बसला. स्वयंपाक, झोपणं आणि ‘ते’, सगळं दहा फुटांत! तिने त्याला शेवटपर्यंत हात लावला नाही. खरा प्रश्न देवांचा होता. नाशकाहून आणलेले तिचे तीन देव कुठेही ठेवले तरी संडासापासून चार हातांवर येत. शेवटी तिने स्टीलच्या डब्यात तांदूळ भरले, देव त्यात खोचून बसवले आणि डबा दादाच्या समोर, काचेखाली ठेवला. वळण आलं की डबा घसरायचा आणि दादा एका हाताने देव धरून दुसऱ्या हाताने गाडी चालवायचा.

“आता अपघात झाला तर कोणाला जबाबदार धरायचं?” दादा म्हणाला.

“तू समोर बघ,” बाबा म्हणाले. “देव बघतील काय बघायचं ते.”

तो किनारा मी विसरणार नाही. एकच गाडी जाईल असा रस्ता, मधूनमधून बाजूला व्हायला जागा, रस्त्यावर बसून रवंथ करणाऱ्या आणि गाडी आली तरी न हलणाऱ्या मेंढ्या. एका बाजूला झाड नावालाही नसलेले तपकिरी डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काळे कडे थेट समुद्रात उतरलेले, जणू कोणी ब्रह्मगिरीचा कडा उचलून पाण्यात उभा केला आहे. वारा असा, की दार उघडायला दोन माणसं लागत. मैलन् मैल माणूस दिसत नसे. मला ते फार आवडलं. कोणाशी बोलावं लागत नव्हतं.

कारण बोलायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघत. “इंग्लिश मीडियमला घातलं ना तुला, बोल की,” असं आई म्हणायची. मला इंग्रजी येतं, पण माणसांशी बोलता येत नाही, हे कोणाला सांगणार? तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॅनच्या मुक्कामाच्या तळावर आईने देवांपुढे उदबत्ती लावली आणि व्हॅनमधला धुराचा भोंगा किंचाळायला लागला. तो बंद कसा करायचा ते दादालाही सापडेना. शेजारच्या गाड्यांतून माणसं झोपेच्या कपड्यांत धावत आली. एकाच्या हातात आग विझवायचं नळकांडं होतं. त्यांना समजावून सांगायला मलाच पुढे ढकललं गेलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही. सगळे हसत हसत परत गेले एवढं आठवतं. मग मी आत येऊन आईला म्हणाले, “कुठे काय करावं हे तुला कळतच नाही. जिथे जाशील तिथे लाज आणतेस.”

“अगं, हळू,” बाबा म्हणाले.

आईने देवांचा डबा पुसून जागेवर ठेवला. त्यानंतर दोन दिवस आमच्यात अबोला होता. दहा फुटांच्या गाडीत अबोला धरणं फार अवघड असतं. चहाचा कप हातात न देता ओट्यावर ठेवायचा, एवढंच करता येतं.

दशमीच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास आम्ही एका खाडीच्या काठी थांबलो. मी इतकी मोठी रिकामी जागा कधी पाहिली नव्हती. समुद्र कुठेतरी दूर पांढऱ्या रेघेसारखा, आणि त्याच्यापर्यंत नुसती ओली, चकचकीत वाळू. वाळूच्या मधोमध डोंगरातून आलेली एक छोटी नदी वाहत समुद्राकडे गेली होती. गॅस संपला होता म्हणून दादा आम्हाला तिथे उतरवून व्हॅन घेऊन पुढच्या गावी गेला. बाबा घडीच्या खुर्चीवर बसले. आईने नदी बघितली आणि तिचा चेहराच बदलला. नदी आणि समुद्र, म्हणजे संगम. दशमीला संगम!

गाड्या लावायच्या जागेवर एक लाकडी फळी होती. तिच्यावर खडूने भरती-ओहोटीच्या वेळा लिहिल्या होत्या. ओहोटी बारा वाजून दहा मिनिटांनी, एवढं मी वाचलं. खाली बारीक अक्षरांत आणखी चार-पाच ओळी होत्या. मी वाचायला वाकले तेवढ्यात फळीशेजारी थर्मास घेऊन उभा असलेला एक म्हातारा माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “वाळूवर जाताय का?” पुढे तो काहीतरी सांगणार होता, त्याने बोटही उचललं होतं. पण आता हा कुठून आलात, किती दिवस आहात, सगळं विचारणार, या विचारानेच मला नको झालं. मी नुसती हसले आणि वळले. त्या खालच्या ओळी मी वाचल्या नाहीत. दहावीला भरती-ओहोटीची आकृती काढून मी पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पण कागदावरचा चंद्र आणि पायाखालची वाळू यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आईच्या डोक्यात तर ते येणं शक्यच नव्हतं. ती नामपूरची, लग्न होऊन पंचवटीत आलेली. तिला पाणी माहीत होतं ते नदीचं. नाशकात पाणी वाढतं ते पावसाने, नाहीतर वर गंगापूर धरणातून सोडल्याने. मग नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, असं सगळं गाव मोजत बसतं. बाकीचे दिवस पाणी जिथे आहे तिथे असतं. बाबांनी नुसतं विचारलं, “इतक्या लांब जाताय, पाणी वाढलं-बिढलं तर?” तर आईने आभाळाकडे हात केला. स्वच्छ निळं आभाळ. “पाऊस नाही, धरण नाही. वाढेल कुठून?”

बाबांना ते पटलं. मलाही पटलं, हे मी लपवणार नाही.

आई पुढे, मी दहा पावलं मागे. तिने साडीवर दादाचं जाड जाकीट घातलं होतं, बूट-मोजे हातात घेतले होते आणि काखेत ओटीची पिशवी होती. वाटेत एक लांबलचक खोलगट पट्टा लागला, नुसता ओलसर. आम्ही तो ओलांडला आणि नदीकाठाने चालत राहिलो. वीसेक मिनिटांनी नदी समुद्राला मिळते तिथे पोचलो. आई पाण्यात उतरली. थंडीने तिचे पाय लाल झाले. तिने हळद-कुंकू वाहिलं, खणात नारळ, तांदूळ, सगळं घट्ट बांधलं, डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटली आणि ओटी पाण्यात सोडली. नदीने ती उचलली आणि समुद्राकडे नेली. तिचा लाल रंग त्या करड्या पाण्यात लांबून दिसत होता. आईने माझ्याकडे वळून बघितलं. ते दोन दिवसांतलं पहिलं बघणं. मी नजर खाली घातली.

पुन्हा वर बघितलं तेव्हा ओटी थांबली होती. एकाच जागी डुलत होती. मग ती हळूहळू आमच्याकडे यायला लागली.

आधी वाटलं, वाऱ्याने असेल. पण ती येतच राहिली, सरळ, जणू कोणी दोरीने ओढतं आहे. आमच्यासमोरून गेली आणि नदीच्या प्रवाहाच्या उलट, डोंगराकडे निघाली. वीस वर्षांत, आणि आईच्या सासूच्या, आजेसासूच्या आयुष्यात, ओटी कधी परत आलेली कोणी ऐकली नव्हती. आईच्या तोंडचा रंगच उडाला. “घेतली नाही तिने,” ती म्हणाली. “माझी ओटी घेतली नाही.”

ती ओटीमागे धावली, पाण्यात घसरली, गुडघ्यांवर पडली. ओटी हातभर लांबून निसटली आणि वेगाने पुढे गेली. आई तशीच पाण्यात बसून रडायला लागली. मी तिला उठवायला गेले तर तिने हात झटकला. “तू मनात काय आणलंस? तू लाजलीस म्हणून तिने परत केली.” मलाही राग आला. मी म्हणाले, “आई, नदी आहे ती. नदीला काय कळतं?” आणि हे म्हणताना मी त्या नदीकडे बघत होते. नदी डोंगराकडे वाहत होती. नदी उलटी वाहत होती.

मी मागे वळून बघितलं. आम्ही ओलांडलेला खोलगट पट्टा आता पट्टा नव्हता. तिथे पाणी होतं, आणि त्या पाण्यापलीकडे, सुपारीएवढे दिसणारे बाबा खुर्चीवरून उठून दोन्ही हात हलवत होते.

आम्ही पळत तिथवर गेलो. मी आत पाऊल टाकलं, मांडीपर्यंत बुडाले, दुसरं टाकलं, कमरेपर्यंत. पायाखालची वाळू सरकत होती. पाणी इतकं गार, की श्वास आतच अडकला. पाण्याचा आवाज होत नव्हता, हे मला सर्वांत भयंकर वाटलं. आमच्याकडे पूर येतो तो गर्जना करत येतो, त्याच्या आधी भोंगा वाजतो, माणसं ओरडतात. इथे पाणी चोरपावलांनी येत होतं, वाळूच्या प्रत्येक रेघेत भरत. मी मागे आले. आम्ही उभ्या होतो तो उंचवटा आमच्या घराच्या गच्चीएवढा राहिला होता.

मी ओरडले. माझ्या आयुष्यात मी कधी ओरडले नव्हते. आवाज कसा निघतो ते माझं मलाच नवीन होतं. आणि तोंडातून आलं ते मराठीच. “वाचवा! कोणीतरी या! आई आहे माझी!” वाऱ्याने ते कुठे नेलं कोण जाणे. दिसलं एवढंच, की बाबा पाण्याकडे धावत निघाले आहेत. हृदयाचं दुखणं असलेले बाबा, पोहता न येणारे. त्या क्षणी मला ती फळी आठवली, आणि तो म्हातारा, त्याचं उचललेलं बोट.

“आई, मला सांगायला हवं होतं. तिथे लिहिलं होतं. मी वाचलंच नाही,” मी रडत म्हणाले.

भीतीने आईची माहेरची अहिराणी वर आली होती. ओटी गेली म्हणून मघाशी रडणारी ती आता मात्र एकदम शांत होती. “आते कसाले रडस?” ती म्हणाली, आता कशाला रडतेस. तिने पदराचं टोक माझ्या मनगटाला बांधलं, गाठ ओढून बघितली आणि हात जोडले. “गंगेचं लेकरू आहे. ठेवायचं तर ठेवेल.” मला तिचा भयंकर संताप आला. हात काय जोडते आहेस, काहीतरी कर! पण करण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा ती बाई दिसली.

डावीकडच्या काळ्या खडकांवर, आमच्यापेक्षाही समुद्राच्या बाजूला, एक उंच बाई उभी होती. डोक्याला रुमाल, अंगात मेणकापडाचा लांब कोट, हातात मेंढपाळाची काठी. ती काठी हलवून आम्हाला बोलावत होती. किनाऱ्याकडे नाही, स्वतःकडे. म्हणजे समुद्राकडे, जिथून लाटा येत होत्या तिकडे. मी बाबांकडे बोट केलं, जमीन तिकडे आहे असं खुणेने दाखवलं. तिने जोराने मान हलवली आणि पुन्हा काठी स्वतःकडे ओढली. मला वाटलं, हिला वेड लागलं आहे. ज्या दिशेला मरण स्पष्ट दिसत होतं त्याच दिशेला ती चला म्हणत होती.

मी एकटी असते तर गेले नसते. पण आई निघाली. तिने काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पदर ताणला गेला आणि मला तिच्यामागे चालावं लागलं. पाणी घोट्यांवर आलं, पोटऱ्यांवर आलं, एक लाट गुडघ्यांवर फुटली. बाई काठीने दाखवत होती, डावीकडे, आता सरळ, आता थांबा. ती दाखवील तिथे पायाखाली घट्ट वाळू होती. बाजूला काळंशार खोल पाणी, आणि आम्ही एका न दिसणाऱ्या बांधावरून चालत होतो. शेवटच्या टप्प्यात पाणी मांड्यांपर्यंत आलं, तेव्हा ती स्वतः उतरली, कोटासकट. तिने आईचं मनगट धरलं. मग खडक लागला.

किती वेळ आम्ही तिथे बसलो होतो ते सांगता येणार नाही. मला दात वाजल्याचा आवाज येत होता. तो आईचा होता की माझा, कोण जाणे. बाई कोट काढून आईच्या अंगावर घालत होती. मग तिने त्याच कोटाच्या खिशात हात घातला आणि विचारलं, “हे तुमचं आहे का?”

लाल खणात बांधलेला नारळ. तांदळाची गाठ तशीच.

ती जवळच राहत होती. नदीकाठचं मेंढ्यांचं कुंपण तुटलं होतं म्हणून ती ते बघायला आली होती, एवढंच. हे नदीतून वर वाहत येताना तिला दिसलं. साठ वर्षं ती या खाडीवर राहते. लाकडं येतात, जाळी येतात, मेलेली मेंढी येते, पण असं काही कधी आलं नव्हतं, असं ती म्हणाली. कपड्याची गाठ ताजी होती, म्हणजे कोणीतरी आत्ताच सोडलं आहे, म्हणून तिने मान वर करून समुद्राकडे बघितलं. एरवी ती कुंपणाकडेच बघत बसली असती. खडकांकडे धावताना तिला वाटेत बाबा पाण्यात शिरताना दिसले. तिने त्यांना धरून खाली बसवलं आणि हलू नका असं बजावलं. बाबा नंतर किती दिवस सांगत होते, “ढकललं गं मला तिने. फोरमनला!”

मी तिचं बोलणं आईला मराठीत सांगत गेले. आई नारळ हातात घेऊन ऐकत होती. सांगून झालं तशी ती उठली, खडकावरच, थरथरत, आणि मला म्हणाली, “तिला सांग, मला तुमची ओटी भरायची आहे. आणि विचार, मालक आहेत ना.”

मला ते विचारवेना. परक्या बाईला, जिने आत्ताच आपल्याला पाण्यातून काढलं तिला, तुझा नवरा जिवंत आहे का, असं कसं विचारायचं? मी गप्प राहिले. मग मी फळीपाशी गप्प राहिले होते ते आठवलं, आणि विचारलं. तुटक्या शब्दांत, मान खाली घालून, का विचारते तेही सांगितलं. बाई म्हणाली, सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

खोटं सांगावं, असं मनात आलं. आईला समजलं नसतं. पण मी खरं तेच सांगितलं. आमच्याकडे अशा बाईची ओटी भरत नाहीत. आईने तरी कधी भरलेली मी पाहिली नव्हती. आईने खणाची ओली गाठ सोडली. मग म्हणाली, “नदीला कोणी विचारतं का, तुझा नवरा आहे का म्हणून?” आणि तिने खूण करून त्या बाईला ओल्या स्वेटरचा घेर पसरायला लावला. बाईने तो पसरला, एखाद्या लहान मुलीसारखा, दोन्ही हातांनी. आईने त्यात खण ठेवला, नारळ ठेवला, भिजलेले तांदूळ घातले, आणि खाली वाकून, बाई मागे सरकत असताना, तिच्या चिखलाने भरलेल्या बुटांना हात लावून नमस्कार केला.

खडकांवरून वाट होती. त्या वाटेने ती आम्हाला बाबांपर्यंत घेऊन आली. दादा गॅस घेऊन परत आला तेव्हा आम्ही तिघं गाड्यांच्या जागेवर तिने आणून दिलेल्या घोंगड्यांत गुंडाळून बसलो होतो आणि मघाच्या वाळूवर सगळीकडे समुद्र होता. तो म्हणाला, “अरे, वाळू कुठे गेली?” मी उठून त्या फळीपाशी गेले आणि खालच्या बारीक ओळी वाचल्या. तासाभरात मागचा रस्ता बंद होतो, असं तिथे अगदी साध्या इंग्रजीत लिहिलं होतं.

या सगळ्याला काय म्हणावं, मला माहीत नाही. भरतीचं पाणी नदीत शिरतं आणि तरंगणारी वस्तू आत येते, याचं कारण मी आता कोणालाही समजावून देऊ शकते. त्यात चमत्कार नाही. पण ती वस्तू परत आली म्हणून आम्ही मागे बघितलं, आणि तीच वस्तू तिच्या हाती लागली म्हणून तिने पुढे बघितलं. मधल्या वेळात आई रडत होती, की आपलं घेतलं नाही. मीही किती गोष्टींवर तशीच रडले आहे, रुसले आहे. परत आलेली वस्तू कुठे जायला निघाली आहे ते आपल्याला दिसत नसतं, एवढं मला त्या दिवशी कळलं. आणि आणखी एक. आई समुद्राकडे चालायला लागली तेव्हा तिला काहीही समजलेलं नव्हतं. समजल्यावर चालू, असं मी म्हणत होते. समजेपर्यंत पाणी डोक्यावरून गेलं असतं. स्वतःला कोणाच्यातरी हाती सोपवणं म्हणजे काय, हे मला एरवी कोणी सांगितलं असतं तर मी मासिकाचं पान उलटलं असतं.

आता मी थोडी जास्त बोलते. अनोळखी माणूस काही सांगायला लागला की थांबते, ऐकून घेते. अजूनही छाती धडधडते, पण थांबते. त्या बाईचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. दादाने नंतर तिथे पत्र टाकू म्हटलं, पण कोणाच्या नावाने टाकणार? आई म्हणते, नाव कळून काय करायचंय. मला वाटतं, कळलं असतं तर बरं झालं असतं. रोज संध्याकाळी मी तिच्यासाठी हात जोडते. कोणापुढे जोडते, ते अजून नीटसं ठरलेलं नाही, आणि ते ठरवायची घाईही आता वाटत नाही.